जुन्या गाडीच्या पार्टवरचे नंबर आणि तारखा कशा वाचायच्या

जुनी गाडी उभी करायला घेतली की पहिल्या महिन्यातच कळतं, इंजिन-गिअरबॉक्सपेक्षा जास्त डोकं पार्ट ओळखण्यात खर्च होतं. वागळे इस्टेटमधला गॅरेजवाला म्हणतो हा डायनॅमो (इंजिनवर फिरून वीज तयार करणारा) अँबॅसेडरचाच, शिळफाट्याचा भंगारवाला म्हणतो "कंपनी का माल है", कुर्ल्याला सीएसटी रोडवर नेऊन दाखवला तर तोच डायनॅमो तिसऱ्याच गाडीचा निघतो, आणि भाव तिन्हीकडे वेगळा. यात कोणी मुद्दाम फसवतंय असंही नेहमी नसतं, बऱ्याचदा त्यांनाही माहीत नसतं, पोतं आलं तसं पोतं विकलं. पण पार्टवर बरंच काही कोरलेलं, छापलेलं, ओतलेलं असतं आणि ते वाचता आलं तर निम्मे वाद दुकानातच मिटतात.

ही भानगड कशाला करायची, गाडी चालली म्हणजे झालं, असं म्हणणारे आहेत आणि रोजच्या वापराच्या पद्मिनीसाठी ते बरोबरही आहे. पण २०२१ पासून पन्नास वर्षांवरच्या गाड्यांना व्हिंटेज म्हणून वेगळी नोंदणी मिळते, नंबरात व्हीए येतं, फी २०,००० रुपये, आणि त्यात अट अशी की गाडी मूळ स्वरूपात पाहिजे. १९७४ ची पद्मिनी २०२४ ला पन्नाशीत आली, त्यामुळे एमएच-०४ (ठाणे) आणि एमएच-४३ (नवी मुंबई) वाल्यांमध्येही आता "ओरिजिनल आहे का" हा प्रश्न वाढलाय. ओरिजिनल म्हटलं की भाव तिप्पट, मग नंबर वाचणं आलंच.

आधी नंबर दिसायला तर पाहिजे

सगळ्यात पहिलं, पार्ट हातात आल्या आल्या वायर ब्रश लावू नका. ग्राइंडरवरचा वायर व्हील तर नकोच, आणि सँडब्लास्टिंगला पाठवायच्या आधी फोटो काढल्याशिवाय तर अजिबात नको, कारण ल्युकाससारख्या (गाडीचं इलेक्ट्रिकल सामान बनवणारी ब्रिटिश कंपनी) कंपन्यांची तारीख बॉडीवर इतकी हलकी ठोकलेली असते की एका ब्लास्टमध्ये साफ होते आणि मग ती परत आणता येत नाही. जुना टूथब्रश, वाटीत थोडं रॉकेल नाहीतर डिझेल, अर्धा तास भिजत ठेवायचं आणि हळूहळू घासायचं. ग्रीसचा थर जाड असेल तर आईस्क्रीमच्या काडीने खरवडा, स्क्रूड्रायव्हरने नको.

आता उजेड. मोबाईलचा टॉर्च समोरून मारला तर काहीच दिसत नाही, सगळं चकाकतं. टॉर्च पार्टच्या अगदी बाजूला आडवा धरायचा, जवळजवळ टेकवून, म्हणजे कोरलेल्या आकड्यांच्या कडेला सावली पडते आणि नंबर एकदम उठून दिसतो. तरी नाही दिसला तर खडू. पांढरा खडू त्या जागेवर घासायचा आणि वरून बोटाने पुसायचा, खोलगट आकड्यात पांढरं राहतं. ओतीव नंबर याच्या उलट, वर आलेला असतो, तिथे पातळ कागद ठेवून पेन्सिल घासली की छाप येते, लहानपणी नाण्यावर करायचो तसं.

फोटो काढा आणि लगेच वहीत उतरवूनही ठेवा. शून्य की ओ, आठ की बी, पाच की एस, एक की आय, हा गोंधळ फोटोत नंतर सुटत नाही, हातात पार्ट असतानाच बोट फिरवून ठरवावा लागतो. आणि साफ केलेल्या जागेवर तेलाचा हात मारायला विसरू नका, आपल्याकडे खाडीची हवा आहे, वाशी-कोपरखैरणेला पावसाळ्यात उघडं लोखंड दोन रात्रीत तांबूस होतं.

एका पार्टवर पाच प्रकारचं लिखाण असतं

गोंधळ इथेच सुरू होतो, कारण लोक दिसेल तो आकडा पार्ट नंबर समजतात.

एक असतो कास्टिंग नंबर. हा साच्यातच असतो म्हणून वर आलेला दिसतो. कच्च्या ओतीव तुकड्याचा हा नंबर, पुढे त्याच तुकड्याला वेगवेगळी भोकं पाडून, वेगळं मशीनिंग करून दोन-तीन वेगळे पार्ट बनू शकतात आणि त्या सगळ्यांवर कास्टिंग नंबर एकच राहतो. अँबॅसेडरचं १४८९ सीसीचं इंजिन म्हणजे मूळचं बीएमसीचं (ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशन) बी-सिरीज, त्याच्या सिलिंडर हेडवर १२ आणि एच अक्षर असे सुरू होणारे नंबर दिसतात ते कास्टिंगचे. पार्ट कॅटलॉगमध्ये तो नंबर शोधत बसलात तर बहुतेक वेळा सापडणारच नाही, आणि मग माणूस म्हणतो पार्ट डुप्लिकेट आहे. डुप्लिकेट नसतो, वाचणाऱ्याने चुकीचा नंबर धरलेला असतो.

दुसरा खरा पार्ट नंबर, हा बहुतेक वेळा ठोकलेला, कोरलेला किंवा पट्टीवर असतो. तिसरी तारीख. चौथी बनवणाऱ्याची खूण, म्हणजे लोगो, कंपनीचं नाव, गावाचं नाव. आणि पाचवं म्हणजे किरकोळ सामान: व्होल्टेज, वॅट, साच्याचा क्रमांक, डावा-उजवा, मान्यतेचे शिक्के. हेडलाइटच्या काचेवर गोलात ई आणि शेजारी आकडा असतो ना, तो वर्ष नाही, तो देशाचा: १ जर्मनी, ३ इटली, ११ ब्रिटन. बोल्टच्या डोक्यावरचं ८.८ सुद्धा तारीख नाही नि नंबरही नाही, ती मेट्रिक बोल्टची ताकद. डोक्यावर तीन आडव्या-तिडव्या रेषा असतील तर तो इंची मापाचा, ग्रेड ५. अँबॅसेडरमध्ये ८.८ लिहिलेला बोल्ट एखाद्या इंची आट्याच्या भोकात ठोकून बसवलेला दिसला तर समजा मागच्या कारागिराने आटे खाल्ले.

सगळ्यात नवी खूण पकडा

नंबर शिकायच्या आधी ही एक गोष्ट डोक्यात बसवा, बाकीचं सगळं याच्यावर चालतं. पार्टचं वय त्याच्यावरच्या सगळ्यात नव्या खुणेवरून ठरतं, जुन्या खुणेवरून नाही. म्हणजे काय, पार्टवर बॉम्बे लिहिलंय म्हणून तो १९९५ च्या आधीचा असं होत नाही, कारण कंपन्या साचे आणि डाय वर्षानुवर्षं तेच वापरतात, शहराचं नाव बदललं म्हणून कोण लाखाचा डाय फेकून देतो. पण इंग्रजीत मुंबई लिहिलं असेल तर तो १९९५ च्या नंतरचाच, इथे चर्चा नाही. जुनं नाव नव्या मालावर राहू शकतं, नवं नाव जुन्या मालावर येऊ शकत नाही. तसंच मद्रासचं चेन्नई १९९६ ला झालं, कलकत्त्याचं कोलकाता २००१ ला. नक्कल करणारे जुनी खूण हौसेने टाकतात, पण कुठेतरी एक नवी खूण विसरून राहते, आपलं काम ती शोधायचं.

आणि दुसरी बाजू गाडीची. पार्टची तारीख गाडी बनल्याच्या थोडी आधीची पाहिजे, काही आठवडे ते काही महिने. गाडीनंतरची तारीख असेल तर तो पार्ट नंतर बदललेला, मग विकणारा शपथ घेऊ दे. इथे आरसीवरची नोंदणीची तारीख धरू नका, बनल्याचा महिना-वर्ष वेगळं दिलेलं असतं ते बघा, कधीकधी या दोन्हीत बराच फरक असतो.

ल्युकास: आपल्याकडे सगळ्यात जास्त सापडणारं

अँबॅसेडर, स्टँडर्ड हेराल्ड, जुन्या ब्रिटिश गाड्या, सगळ्यांचं इलेक्ट्रिकल ल्युकासचं, म्हणून यावर जरा थांबतो. बॉडीवर साधारण चार गोष्टी मिळतात: टाइपचं नाव, व्होल्ट, पाच आकडी नंबर आणि तारीख.

टाइपचं नाव म्हणजे सी४०, एम३५जी, २५डी४ असलं. सी४० बघून "चाळीस सालचा आहे, ब्रिटिशांच्या वेळचा" असं सांगून डायनॅमो विकणारे आहेत. कळव्यात एक ऑटो इलेक्ट्रिशियन काका आहेत, आर्मेचर (डायनॅमोच्या आतला फिरणारा भाग) भरण्यात हयात गेली त्यांची, त्यांना हे सांगितलं तर हसले. म्हणाले, "अरे बाळा, ते साल नाय, बॉडीचा व्यास आहे तो. पट्टी लाव, चार इंच भरतो की नाय बघ." आणि खरंच पट्टी काढून दाखवली. सी३९ तसाच ३.९ इंचाचा, सी४५ साडेचारचा. स्टार्टरचा एम३५ म्हणजे साडेतीन इंच. डिस्ट्रिब्युटरच्या (प्रत्येक सिलिंडरच्या प्लगला ठिणगी वाटणारा) २५डी४ मधला शेवटचा ४ म्हणजे चार सिलिंडर, सहा सिलिंडरला २५डी६. त्याच्या नंतर सत्तरच्या दशकात ४५डी४ आला.

मग पाच आकडी नंबर. यातले पहिले दोन आकडे वस्तू कसली ते सांगतात. २२ ने सुरू म्हणजे डायनॅमो, २५ म्हणजे स्टार्टर, ३७ म्हणजे कटआउट-रेग्युलेटर, ४० आणि ४१ डिस्ट्रिब्युटर, ४५ इग्निशन कॉइल, ७५ वायपर मोटर. उरलेले तीन आकडे नेमकी कोणत्या गाडीसाठीची आवृत्ती ते ठरवतात, म्हणजे पुली वेगळी, ब्रॅकेट वेगळं, डिस्ट्रिब्युटर असेल तर आतल्या स्प्रिंगा आणि अॅडव्हान्स (ठिणगी किती आधी पडायची ते) वेगळा. शेवटी एखादं अक्षर असतं, ए, बी, डी, ते सहसा मधे झालेल्या बदलाचं. डिस्ट्रिब्युटर घेताना हे तीन आकडे फार महत्त्वाचे आहेत, बाहेरून दोन डिस्ट्रिब्युटर जुळे भाऊ दिसतात, बसतातही, पण आतला अॅडव्हान्स दुसऱ्या गाडीचा असला की घोडबंदरचा गायमुखचा चढ लागल्यावर इंजिन पिंग करतं, टकटक वाजतं, आणि मग माणूस कार्ब्युरेटरच्या मागे लागतो.

तारीख दोन पद्धतीने येते. जुन्या मालावर महिना आणि वर्ष, म्हणजे ५ ६३ असेल तर मे १९६३. पुढच्या काळात आठवडा आणि वर्ष, ३६ ७२ म्हणजे १९७२ चा छत्तिसावा आठवडा, सप्टेंबर धरा. पहिला आकडा बाराच्या वर गेला की तो आठवडाच, महिना असूच शकत नाही. बाराच्या आत असेल आणि साल साठच्या दशकाच्या शेवटाकडचं असेल तर दोन्ही शक्यता राहतात, तिथे हट्ट न करता गाडीच्या तारखेशी दोन्ही लावून बघायच्या.

आता नव्या खुणेचा नियम इथे लावा. ल्युकास-टीव्हीएस ही कंपनी १९६१ मध्ये स्थापन झाली. म्हणजे १९५९ च्या अँबॅसेडरवर ल्युकास-टीव्हीएस लिहिलेला डायनॅमो असेल तर तो गाडीबरोबर आलेला नाही, कितीही घट्ट बसलेला असू दे. वाईट आहे असं नाही, उलट चांगलाच चालेल, फक्त त्याला "फॅक्टरी फिट" म्हणून जादा पैसे द्यायचे नाहीत.

स्पीडोमीटरच्या डायलवरचा बारीक आकडा

स्मिथ्स या ब्रिटिश कंपनीच्या स्पीडोमीटरच्या डायलवर खालच्या बाजूला, बारीक अक्षरात एस एन ने सुरू होणारा नंबर असतो आणि त्याच्या आसपास एक सुटा आकडा, १२८०, १०४० असा काहीतरी. हा आकडा खूप कामाचा आहे आणि बहुतेक लोक बघतच नाहीत. तो सांगतो की एक मैल जायला केबलने किती फेरे घ्यायचे. गिअरबॉक्सकडून येणारे फेरे आणि डायलवरचा आकडा जुळला नाही तर मीटर छान चालतो पण खोटं दाखवतो.

हे घरी तपासता येतं. सोसायटीच्या पार्किंगमध्ये, रविवारी सकाळी गाड्या कमी असतात तेव्हा, वॉचमन काकांना सांगून खडूने जमिनीवर दहा मीटरच्या दोन रेषा मारा. केबल मीटरच्या बाजूने सोडवा, आतल्या तारेच्या टोकाला कागदाचा छोटा झेंडा चिकटवा, गाडी न्यूट्रलमध्ये सरळ ढकला आणि एकाने झेंड्याचे फेरे मोजा. समजा दहा मीटरला आठ फेरे झाले. गुणिले शंभर, म्हणजे किलोमीटरला ८००. मैलात न्यायचं तर गुणिले १.६०९, झाले १२८७. डायलवर १२८० आहे म्हणजे मीटर त्याच गिअरबॉक्स-डिफरन्शियलसाठी योग्य. डायलवर १०४० असता तर मीटर जवळजवळ चोवीस टक्के जास्त स्पीड दाखवणार, साठला चौऱ्याहत्तर. अर्ध्या-पाव फेऱ्याचा अंदाज नीट घ्या, कारण शेवटी शंभरने गुणायचंय, शक्य असेल तर वीस मीटर घेऊन निम्मे करा. टायरची हवा आधी भरून घ्या, आणि साइझ मूळचाच पाहिजे, म्हणजे पद्मिनीला ५.२० गुणिले १४, अँबॅसेडरला ५.९० गुणिले १५, नाहीतर हिशोब टायरनेच बिघडतो.

परदेशी गाड्यांचे नंबर

यांची पद्धत आपल्या लोकांना कठीण वाटते पण उलट तीच सगळ्यात सरळ आहे, विशेषतः फोर्डची. सी५एई-६०१५ असा नंबर घ्या. पहिलं अक्षर दशक: बी पन्नासचं, सी साठचं, डी सत्तरचं, ई ऐंशीचं. पुढचा आकडा त्या दशकातलं वर्ष, म्हणजे सी५ झालं १९६५. तिसरं अक्षर कोणत्या गाडीसाठी पहिल्यांदा बनला, ए म्हणजे मोठी गॅलक्सी, झेड म्हणजे मस्टँग. चौथं कोणत्या विभागाने डिझाइन केला, ई म्हणजे इंजिन. आणि ६०१५ म्हणजे ब्लॉक, कुठल्याही फोर्डच्या ब्लॉकला ६०१५ च. पण लक्षात ठेवा, १९६५ हे डिझाइनचं वर्ष, तोच नंबर १९६७ ला ओतलेल्या ब्लॉकवरही असू शकतो, त्याची तारीख वेगळी कोरलेली असते. शिवाय पार्टवरचा इंजिनिअरिंग नंबर आणि डब्यावरचा विक्रीचा नंबर फोर्डमध्ये वेगवेगळे असतात, त्यामुळे डबा आणि आतला माल जुळत नाही म्हणून लगेच भांडू नका.

जनरल मोटर्सचं आपल्याशी जुनं नातं, शिवडीला १९२८ पासून १९५४ पर्यंत त्यांच्या गाड्या जोडल्या जायच्या, म्हणून मुंबई-ठाण्यात त्या काळातल्या शेवरोलेट अजून निघतात. त्यांच्या ओतीव भागांवर तारीख अक्षर-दिवस-वर्ष अशी. ए जानेवारी, बी फेब्रुवारी असं एल डिसेंबरपर्यंत. डी १८ ३ म्हणजे १८ एप्रिल आणि वर्षाचा शेवटचा आकडा ३. आता हा १९४३ की १९५३ की १९६३, ते ब्लॉकच्या कास्टिंग नंबरवरून ठरवायचं, एक आकडी वर्षाचं हे दुखणं सगळीकडे आहे.

जीपवाल्यांसाठी एकच गंमत: दुसऱ्या महायुद्धातली जीप विलीजनेही बनवली आणि फोर्डनेही, आणि फोर्डने आपल्या जीपच्या भागांवर, अगदी बोल्टच्या डोक्यांवरसुद्धा एफ अक्षर मारलं. खरी फोर्ड जीपीडब्ल्यू शोधणारे लोक टॉर्च घेऊन बोल्ट मोजत बसतात ते याच्यासाठी. एफचे बोल्ट सुटे विकतही मिळतात, त्यामुळे नुसत्या बोल्टांवर भुलू नका.

फोक्सवॅगन बीटलचा नंबर तीन-तीन-तीन आकड्यांचा. ११३ ९०५ २०५ घेतला तर पहिले तीन मॉडेलचे, चौथा आकडा मुख्य गट: १ इंजिन, २ पेट्रोलची टाकी-पाइप, ३ गिअरबॉक्स, ४ पुढचा अॅक्सल, ५ मागचा, ६ चाकं-ब्रेक, ७ लिव्हर-पेडल, ८ बॉडी, ९ इलेक्ट्रिकल. म्हणजे हा इलेक्ट्रिकलचा, आणि ९०५ म्हणजे इग्निशन, डिस्ट्रिब्युटरच आहे तो. एवढं पाठ असलं तर बीटलच्या पोत्यातून पार्ट निवडता येतात, कॅटलॉग न उघडता.

बॉशचे दहा आकडी, ० २२१ म्हणजे कॉइल, ० २३१ डिस्ट्रिब्युटर, ० ००१ स्टार्टर. आपल्याकडे मायको नावाने त्यांचा माल यायचा, कंपनी १९५१ ची, बंगळुरूची, आणि २००८ ला नाव बदलून बॉश लिमिटेड झालं. बॉश लिमिटेड छापलेल्या डब्यातला प्लग "ऐंशीचा जुना स्टॉक" म्हणून कोणी दिला तर डबा परत करा, हसून.

मारुती ८०० आता क्लासिकमध्ये यायला लागलीये, १९८३ ची पहिली एसएस८० तर लोक शोधत फिरतात. सुझुकीचे पहिले पाच आकडे पार्ट कसला ते सांगतात: १६५१० ऑइल फिल्टर, १३७८० एअर फिल्टर. मधे एम आला तर तो मारुतीच्या यादीतला इकडचा नंबर. पुढचे आकडे मॉडेलचे आणि शेवटचे रंग-आवृत्तीचे.

जिथे नंबर नसतो तिथली तारीख

प्लास्टिकच्या भागांच्या मागच्या बाजूला घड्याळासारखा छोटा गोल असतो, कडेला १ ते १२ आकडे आणि मधे बाण. बाण ज्या आकड्याकडे तो महिना, आणि बाणाच्या दोन्ही बाजूंना एकेक आकडा असतो, ते वर्ष. ९ बाण १ म्हणजे १९९१. हे डॅशबोर्ड, लाइटचे होल्डर, ग्रिल, फॅन, सगळीकडे सापडतं. कधी गोलाऐवजी चौकटीत वर्ष लिहिलेलं आणि शेजारी ठिपके, दर महिन्याला साच्यात एक ठिपका वाढवतात, म्हणून ठिपके मोजायचे. बाहेरून नवाकोरा आणि आतून ९१ चा, असा डॅशबोर्ड मिळाला तर पटकन घ्या.

काचांचं जरा नाजूक आहे. ब्रिटिश गाड्यांवर ट्रिप्लेक्सची काच असते, त्याच्या शिक्क्यात टफन्ड किंवा लॅमिनेटेड हा इंग्रजी नऊ अक्षरी शब्द असतो, त्यातल्या कुठल्या अक्षराखाली ठिपका आहे तो वर्षाचा शेवटचा आकडा, पहिल्या अक्षराखाली १, नवव्याखाली ९, ठिपकाच नसेल तर ०. नेमकं वर्ष कळो न कळो, सगळ्या काचांचे शिक्के एकमेकांशी लावून बघा. पाच काचा एका वर्षाच्या आणि डाव्या दाराची वेगळी, तर डावं दार कधीतरी ठोकलंय, तिथे पत्रा लोहचुंबकाने तपासा.

टायर तर बहुतेकांना माहीत आहे, डीओटी या अक्षरांनी सुरू होणाऱ्या नंबरचे शेवटचे चार आकडे, ३५१९ म्हणजे २०१९ चा पस्तिसावा आठवडा. २००० च्या आधी तीनच आकडे होते. चार आकडी तारीख कधीकधी टायरच्या एकाच बाजूला असते, दिसली नाही तर आतल्या बाजूने बघा. नक्षी कितीही शिल्लक असली तरी तीन आकडी तारखेच्या टायरवर ठाणे-बेलापूर रोडला जाऊ नका. डिकीत स्टेपनी म्हणून शोभेला ठेवा.

बेअरिंग आणि ऑइल सील यांच्यासाठी मात्र कंपनीचा पार्ट नंबर शोधत बसूच नका. बेअरिंगवर ६२०४ असेल तर शेवटचे दोन आकडे गुणिले पाच, आतलं भोक २० मिलिमीटर. फक्त ०० ते ०३ ला वेगळं, १०, १२, १५ आणि १७. सीलवर ३५-५२-७ असं मापच छापलेलं असतं, आतला व्यास, बाहेरचा व्यास, जाडी. "अँबॅसेडरचं बेअरिंग" म्हणून मागितलं तर एक भाव, "६२०४" म्हणून मागितलं तर दुसरा. तेच बेअरिंग, तेच दुकान.

डबा वाचा

न वापरलेला जुना स्टॉक म्हणून जो माल मिळतो त्यात डबा पार्टइतकाच बोलका. पत्त्यात बॉम्बे-७० असं नुसतं असेल तर तो छपाईचा नमुना बहुधा पिनकोडच्या आधीचा, कारण सहा आकडी पिन १५ ऑगस्ट १९७२ ला आला आणि कुर्ला झालं ४०० ०७०. पिन छापलाय म्हणजे डबा बहात्तरनंतरचाच. मग किंमत: पाकिटावर माहिती छापायचे नियम १९७७ चे, सर्व करांसहित कमाल किंमत ही ओळ १९९० च्या बदलानंतरची. लोकल टॅक्स वेगळे असं लिहिलं असेल तर आणखी मागे जा. जीएसटी नंबर, क्यूआर कोड, वेबसाइट, यातलं काहीही दिसलं तर तो "आजोबांच्या दुकानातला स्टॉक" नाही, जीएसटी १ जुलै २०१७ ला आला. एका दुकानात पिवळटलेल्या डब्यात पॉइंट सेट (डिस्ट्रिब्युटरच्या आतला) बघितला होता, डबा चहाच्या पाण्यात बुडवून काढल्यासारखा, आणि खालच्या फडफडीवर बारीक अक्षरात जीएसटीचा पंधरा अक्षर-आकड्यांचा नंबर. दुकानदाराला दाखवला तर तो पण वाकून बघायला लागला.

चेसिस आणि इंजिन नंबर

यात खेळ नाही. पट्टी रिव्हेटने लावलेली असते, नव्या पट्ट्या बाजारात बनवून मिळतात, म्हणून पट्टीपेक्षा चेसिसवर ठोकलेला नंबर बघा आणि आरसीशी, सरकारच्या 'वाहन' पोर्टलवरच्या नोंदीशी आकडा न् आकडा जुळवा. आकडे एका ओळीत नाहीत, एखादा जास्त खोल, आजूबाजूचा पत्रा घासलेला किंवा वेल्डिंगचा डाग, असं दिसलं की गाडी कितीही स्वस्त असली तरी हात लावू नका, ती पोलिसांची भानगड आहे. हा नंबर खडूने वाचायचा, पेन्सिलने छाप घ्यायचा, पण खरवडायचा नाही, खोल करून "नीट" तर अजिबात करायचा नाही.

ऑनलाइन पार्ट घेताना विकणाऱ्याकडे हे फोटो मागा: पार्ट नंबर जवळून, तारीख जवळून, कंपनीची खूण, आणि डबा असेल तर त्याच्या सगळ्या बाजू, फडफडीसकट. टॉर्च बाजूने धरून काढा असं सांगा, सांगितलं नाही तर चकाकीचा फोटो येतो. पैसे त्यानंतर. "भाऊ, आत्ता गोडाऊन बंद आहे, माल एकदम ओरिजिनल आहे, टेन्शन घेऊ नका" असं उत्तर आलं तर गोडाऊन उघडेपर्यंत थांबा.